पाण्यावरचा तवंग

"पाण्यावर तेल हाय, साहेब," बालाजी म्हणाला, आणि नर्मदाबाईंच्या हातातला ट्रे असा डचमळला की चारी कपांतला चहा बशीत उतरला. कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळे हौदाकडं बघत होते. बालाजी हा नांदेडहून आलेला, पोहायच्या हौदाचं पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारा, तिशीतला गोड बोलणारा माणूस. काठावर उकिडवं बसून त्यानं एका बाटलीत पाणी भरून घेतलं होतं आणि ती बाटली उन्हासमोर धरून तो मान वाकडी करून बघत होता. हौदाच्या कोपऱ्यात, पायऱ्या संपतात तिथं, पाण्यावर खरोखरच पातळ तवंग होता. पाणी हललं की जांभळा, मग हिरवा, मधेच पिवळा. इतका देखणा, की नर्मदाबाईंना भीती वाटायच्या आधी कौतुकच वाटलं. मग मात्र त्यांनी तिकडून नजर काढून घेतली. कारण ते तेल कुणाचं हे चहा पिणाऱ्या चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि ट्रे धरणारीला पक्कं ठाऊक होतं.

हौद ही हरिओमची हौस. हरिओम त्यांचा एकुलता एक मुलगा, सोयाबीनच्या वखारीत चांगला जम बसलेला. हैदराबादच्या कुठल्याशा हॉटेलात त्यानं असा निळा हौद पाहिला आणि तेव्हापासून तो त्याच्या डोक्यात बसला. परभणीत जिंतूर रोडला नवं घर बांधताना त्यानं मागच्या अंगाला हौद काढलाच. नर्मदाबाईंना आधी लाजच वाटली होती. येलदरी धरणाचं पाणी नळाला येतं तेव्हा येतं, गल्लीतल्या बाया उन्हातान्हात टँकरच्या पाइपला लोंबकळतात, आणि आपण हे खोलीएवढं पाणी नुसतं अंगणात मांडून ठेवायचं. पण बोअरला पाणी बक्कळ लागलं, हरिओमनं गल्लीसाठी बाहेर एक तोटी काढून दिली, तेव्हा कुठं त्यांचा जीव थोडा खाली पडला. गळती आहे की काय ते कळावं म्हणून गवंड्यानं हौद भरून ठेवायला सांगितला, आणि पाणी भरलं त्या दिवसापासून घरात एकच विषय सुरू झाला, की ह्या पाण्यातले जंतू मारायचे कशानं. हरिओमला ओझोनचं यंत्र पाहिजे होतं. का पाहिजे, तर नाव दमदार आहे. सून राजेश्री कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ती म्हणायची, ओझोन यंत्रातून जाणाऱ्या पाण्यापुरता, पुढं हौदात कुणी काय सोडलं त्याचं त्याला सोयरसुतक नसतं. तेव्हा क्लोरीन टाळून चालायचं नाही, फक्त ते गोळ्यांतून घ्यायचं की मिठाच्या पाण्यातून वीज सोडून हौदातच तयार करायचं, एवढंच ठरवायचं. जेवताना ओझोन, झोपताना क्लोरीन. परवा तर वरणात मीठ कमी पडलं तरी दोघांनी त्याच्यावरूनही वाद घातला. नर्मदाबाईंना कुणी विचारलं नाही. गाडी घेतानाही विचारलं नव्हतं, आणि त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. जिला गाडी चालवता येत नाही तिला गाडीचं काय विचारायचं, आणि जी पाण्यात उतरणार नाही तिला पाण्याचं काय विचारायचं.

तिसरा पक्ष दिनकररावांचा. नर्मदाबाईंचे यजमान ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले होते, पण ब्लीचिंग पावडर काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. "इतक्या गावांच्या विहिरी मी पावडरीवर सांभाळल्या," ते म्हणायचे, "एकाला जुलाब झाला आसंल तर दाखवा. आन् ओझोन म्हनं. ते वर आभाळात हाय तर राहू द्या ना तिथं. त्याला खाली कशाला आनायलाव?" नर्मदाबाईंना त्या पावडरीचं नाव काढलं तरी नाकात झिणझिण्या यायच्या. लग्न होऊन त्या चुडाव्याला आल्या त्या वर्षी आजूबाजूला गॅस्ट्रोची साथ होती, आणि नवरा रोज संध्याकाळी तो वास घेऊन घरी यायचा. सदऱ्याला तो, केसांना तो, पाणी प्यायला घेतलेल्या तांब्यालाही तोच. घशात खवखवणारा, डोळे चुरचुरवणारा. पहिले काही दिवस त्या पदर नाकाला लावून भाकरी वाढायच्या. मग साथ गेली, वास गेला, आणि एका संध्याकाळी दिनकरराव नुसते घामाच्या वासाचे घरी आले तेव्हा त्यांना उगाच वाटलं की परका पुरुष घरात शिरला. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात.

त्याच दिवसांतली एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात रुतून बसली होती. एकदा दिनकरराव कुठल्या तरी गावाहून तणतणत आले. ताटावर बसले आणि पहिला घास हातात घेऊन म्हणाले, "पोरं विहिरीत पवायलेत. आमी पावडर टाकायलाव आन् हे धबाधब उड्या मारायलेत. एकेकाची तंगडी तोडाया पायजे." नर्मदाबाई तव्याशी बसलेल्या. एकोणीस वर्षांच्या. भाकरी उलटता उलटता त्यांनी स्वतःचे पाय लुगड्याच्या आत ओढून घेतले. कारण पाण्यात उड्या मारण्यात माहेरी, वालूरच्या सगळ्या पोरांत त्यांच्याएवढं कुणी बेफाम नव्हतं. त्या दिवशी सांगायचं राहिलं. मग पुढच्या वर्षी सांगावं तर ते विचारणार, की मागच्या वर्षी का नाही सांगितलं. एखाद्या शेजारणीचं नाव पहिल्या भेटीत विचारायचं राहून जावं आणि मग रोज बोलणं होत असताना विचारायची चोरी व्हावी, तसं ते झालं. हरिओम झाला, बदल्या झाल्या, गुडघे दुखायला लागले. पोहणं हा विषय कुणी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

वालूरला त्यांच्या वडलांच्या मळ्यात विहीर होती. भावाच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून त्याला पोहायला शिकवलं, आणि भावाचं शिकून झाल्यावर तोच भोपळा हट्टानं त्यांनी बांधून घेतला. आई ओरडायची, पण पाण्यात उतरायच्या आधी पाठीला, दंडाला, पोटऱ्यांना करडीचं तेल चोळून द्यायचीही तीच. "गारठा हाडात शिरतो," म्हणायची, "तेल लाव, मग मर जा." वरचं पाणी उन्हानं कोमट असायचं आणि दोन हात खाली गेलं की अचानक गार. तो गारवा पायाच्या अंगठ्याला लागायचा तेव्हा पोरगी आनंदानं आतल्या आत किंचाळायची, कारण तोंड उघडलं तर पाणी जाणार. खाली हिरवा अंधार, वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ. ह्या सगळ्यातलं काहीच नर्मदाबाईंना आठवावं लागत नव्हतं. ते गेलं होतं कुठं की आठवायचं. भांडी घासताना बादलीत कोपरापर्यंत हात गेला की ते असायचं. न्हाणीत डोक्यावर तांब्या उपडा केला की असायचं. फक्त ते तांब्याभरच असायचं, एवढंच.

आणि मग ह्या घराच्या मागच्या अंगाला बोअरचं पाणी धो धो पडलं. पहिल्या सकाळी त्या नुसत्या पाय सोडून बसल्या. दिनकरराव कृषी विद्यापीठात फिरायला गेले होते, हरिओम आणि राजेश्री कूलरच्या आवाजात गाढ झोपलेले. गुडघ्यांना रोजच्यासारखं तेल चोळलेलं होतं, डॉक्टरनंच सांगितलेलं. दुसऱ्या सकाळी त्या एक पायरी उतरल्या, मग दोन. जुनं सुती पातळ होतं, त्याचा कासोटा घातला आणि घालताना स्वतःलाच हसल्या. तिसऱ्या सकाळी काय झालं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मे महिना, परभणीचं ऊन, पहाटेसुद्धा भिंती गरम. गारठा ह्या गावात औषधाला नाही. तरी हात आपसूक तेलाच्या बाटलीकडं गेला. दंड, पोटऱ्या, मान, पाठीला जिथवर हात पोचला तिथवर. तेल माखून त्या पायऱ्या उतरल्या आणि अंग पाण्यावर सोडून दिलं. बुडू असं वाटलं होतं. पण अंगानं वय विचारलंच नाही. हात पुढं गेले, पाय मागं ढकलायला लागले, आणि जिना चढताना करकरणारे गुडघे कुठं आहेत तेही कळेना. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा नर्मदाबाई एकट्याच खुदखुदून हसल्या, आणि हसताना नाकातोंडात पाणी गेलं. त्याला पावडरीची चव नव्हती. बोअरचं जडसं पाणी, दुसरं काही नाही. त्यानंतर दिवसभर त्या खिशात गूळ लपवलेल्या पोरीसारख्या घरात हिंडल्या. "माय, आज गानं म्हनायलीस," हरिओम म्हणाला. त्या म्हणाल्या, "मंग काय रडू?" अशा तीन-चार सकाळी झाल्या. खूप खूप सुखाच्या. आणि त्या सुखाचा असा जांभळा-हिरवा तवंग पाण्यावर साचत गेला, ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"तेल कुठून येणार?" हरिओम म्हणत होता. बालाजी उठला, बाटली पुसली. "बोअरच्या मोटारीतून, साहेब. मोटारीत तेल असतंय, सील गेलं की पाण्यात उतरतंय. ते बंद झाल्याबिगर मी कोनतंच यंत्र बसवणार न्हाई. क्लोरीन आधी तेलाच्याच मागं लागतं, जंतू राहतेत बाजूला." राजेश्रीनं मान डोलावली, हे तिच्या पुस्तकातलंच होतं. हरिओमनं तिथूनच फोन लावला. मोटार काढणारी माणसं चैन-कप्पी घेऊन दुपारपर्यंत येतो म्हणाली. दिनकरराव म्हणाले, "जरा सबूर. शेजारच्यानं मागल्या साली अशीच मोटार काढायला घेतली. आर्ध्यात पाइप तुटला, मोटार खाली अडकून बसली, बोअर गेला. आजून टँकरनं पानी आनायलाय." हरिओमचा चेहरा उतरला. पण तेलाचं पाणी गल्लीच्या तोटीलाही जात असणार, लोक पीत असणार. मोटार काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

नर्मदाबाईंनी चहा वाटला. बशीतला कपात ओतून वाटला. गप्प राहावं, असं त्यांना वाटलं. मोटार वर येईल, सील धड निघेल, माणसं डोकं खाजवतील आणि मोटार परत सोडतील, कुणाला काही कळणार नाही. पण अडकली तर? ऐन मे महिन्यात बोअर गेला तर, तोटीशी उभ्या राहणाऱ्या त्या बायांना काय तोंड दाखवायचं? एकीकडं हा घोर, आणि दुसरीकडं बालाजी आपला सांगतच होता. यंत्र कुठलंही घ्या, नियम तेच. उतरायच्या आधी साबणानं अंघोळ. डोक्याला टोपी. अंगाला तेल बिलकुल नको. सुती कपडा नको, सुताचे धागे गाळणीत अडकतात, पोहायचा नायलॉनचा पोशाखच पाहिजे. नर्मदाबाईंनी क्षणभर स्वतःला त्या पोशाखात डोळ्यांपुढं आणलं आणि त्यांना एकदम हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग हसू विरलं आणि फार वाईट वाटलं. हे लोक आता इथं बसून जे निवडतील त्यात आपली सकाळ बसणार नाही. सांगितलं तर लाज जाणार आणि पाणीही जाणार; नाही सांगितलं तर बोअर जाणार. इतकी वर्षं आपण गप्प राहिलो तेव्हा गप्प राहणं फुकट होतं. आज ते फुकट नव्हतं.

"बालाजी," त्या म्हणाल्या. तो नियमांतच गुंतला होता म्हणून परत म्हणाल्या. "बालाजी, तेल लावलेलं मानूस उतरलं तरी चालंल, आसं यंत्र कोनतं हाय तुझ्याकडं?"

"मावशी, तेल लावून पान्यात कोन उतरतंय?"

"मी."

हरिओमनं आधी आईकडं बघितलं, मग तवंगाकडं, मग पुन्हा आईकडं. हातातला फोन त्यानं परत लावला आणि सावकाश म्हणाला, "भाऊ, मोटार राहू द्या. सापडलं तेल." राजेश्रीला हसू आवरेना. ती उठून आली आणि सासूच्या हातातला रिकामा ट्रे घेऊन तिनं बाजूला ठेवला. "आई, एकट्या उतरत होतात? काही झालं असतं म्हणजे?" त्या म्हणाल्या, "काय होतंय? मी का आज उतरायलेय?" दिनकरराव खुर्चीत तसेच बसलेले. कप ओठाशी नेलेला, तो तिथंच.

"तुला पव्हता येतंय?"

"येतंय की."

"कवापासून?"

"वालूरपासून."

"मंग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"तुमी तंगडी तोडनार व्हता."

दिनकररावांना ते आठवेना. आठवणार कसं, अशा तंगड्या त्यांनी नोकरीभर रोज तोडल्या होत्या. पण त्यांचा चेहरा पडला, आणि तो पडलेला बघून नर्मदाबाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण ह्या माणसापासून काहीतरी राखून ठेवलं. सांगितलं असतं तर कदाचित एखाद्या बदलीच्या गावी ह्यानं पावडर टाकायच्या आदल्या सांजेला मला विहिरीवर नेलंही असतं. कोण जाणे. नेलं असतं असं वाटणं छान होतं.

बालाजी मात्र धंद्याचा माणूस, तो लगेच सावरला. गोळ्यांचं यंत्र घेतलं तर तेलापायी गोळ्या जास्त लागतील, आणि तेला-घामाशी क्लोरीन भिडलं की तोच डोळे चुरचुरवणारा वास उठेल. ओझोन घेतला तरी वरून क्लोरीन लागेलच. मिठाचं यंत्र घ्या, त्याला जादा क्लोरीन करायचं, जोराचं बटण असतं. मावशी पोहून आल्या की ते दाबायचं, दोन-तीन तासांत पाणी पुन्हा ठाकठीक. मीठ कितीसं, मठ्ठ्यात टाकतो तेवढंही नाही. बोअरचं पाणी जड आहे, यंत्रावर पांढरे थर चढतील, ते अधूनमधून धुवावे लागतील. "आन् सुती कपडा?" नर्मदाबाईंनी विचारलं. "गाळणी लौकर चोंदंल, मावशी. सारखी धुवावी लागंल." "गाळणी मी धुतो," हरिओम म्हणाला. ओझोनचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. राजेश्रीनं मिठावर शिक्कामोर्तब केलं आणि तेल आता पोहून झाल्यावर लावायचं असं सासूकडून कबूल करून घेतलं. "लावीन बाई," त्या म्हणाल्या, "पन हात आपसूक जातोय." दिनकररावांनी कप खाली ठेवला. "मीठ तर मीठ," ते म्हणाले. पावडरीचा पक्ष असा एका वाक्यात बुडाला. मग कुणाकडंही न बघता ते म्हणाले, "मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"हरिओमची माय पव्हती कशी ते."

आता आली का पंचाईत. एकटीनं पाण्यात शिरणं वेगळं आणि नवरा, मुलगा, सून आणि नांदेडचा पाहुणा खुर्च्या मांडून बसलेले असताना शिरणं वेगळं. नर्मदाबाई आत गेल्या, जुनं पातळ नेसल्या, कासोटा घातला, तेलाच्या बाटलीकडं निग्रहानं पाहिलं नाही, आणि बाहेर येऊन काठावर थबकल्या. पायऱ्यांवरून गुपचूप उतरावं तर इतक्या डोळ्यांपुढं एकेक पायरी उतरणं म्हणजे नव्या नवरीनं उंबरा ओलांडण्यासारखं. त्यापेक्षा उडी बरी. "तिकडं तोंड करा सगळे," त्या म्हणाल्या. बालाजीनं आधी केलं, मग राजेश्रीनं हरिओमला खांद्याला धरून फिरवलं. दिनकरराव बघायचंच म्हणून बसले होते. पण बायकोच्या चेहऱ्याकडं बघून तेही मुकाट्यानं उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. चौघांच्या चार पाठी. नर्मदाबाईंनी नाक दाबलं, डोळे मिटले आणि खोल बाजूला स्वतःला फेकून दिलं.

पाणी कानावर धबकन मिटलं. पाय तळाला टेकले, पातळ फुगून अंगाभोवती वर आलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी खाली दाबलं. डोळे उघडले. निळ्या फरश्या, त्यांच्यावर थरथरणारं ऊन, आणि आपले स्वतःचे पाय, गोरे, कुणा दुसऱ्याच बाईचे असावेत असे. किती शांत होतं. वर जायची कसलीच घाई नव्हती. श्वास धरून त्या तशाच राहिल्या. त्यांना हे फार आवडत होतं, आणि आवडतंय म्हणून त्या राहिल्या. वर काठावर मात्र काहीतरी चाललं होतं. एक सावली पाण्यावर आली, वाकली, हलायला लागली. कुणीतरी ओरडत होतं. आवाज पाण्यातून जाडाभरडा होऊन येत होता, तरी माणूस कळत होता. दिनकरराव. आणि ते जे ओरडत होते ते ओळखायला नर्मदाबाईंना जरा वेळ लागला, कारण त्या आवाजात तो शब्द त्यांनी एकदाच ऐकला होता, लग्नाच्या पंगतीत, मित्रांनी डिवचलं म्हणून पुटपुटलेला. त्यानंतर 'अगं' झालं, मग 'ऐकलं का', मग 'हरिओमची माय', आणि नुसतंच बोलवायचं असलं तर दारात येऊन खाकरणं.

"नर्मदे," ते ओरडत होते, "नर्मदे, वर ये, ये नर्मदे."

अख्ख्या जिंतूर रोडला ऐकू जात असेल. नर्मदाबाईंच्या छातीत अजून पुष्कळ हवा होती. त्यांनी पातळ पायांखाली घट्ट धरलं आणि अजून एकदा ऐकू, मग जाऊ, असं म्हणून त्या तळाशी बसून राहिल्या.